चौथा पिंजरा

जामनेरच्या स्टँडवर बोदवडच्या बसची वाट बघत बसलेल्या नाजमीनचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथे एक म्हातारी आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तरुण बोलत होते.

"अक्का, तुमच्या केळीच्या बागेत पकडलेल्या तिन्ही चिचुंद्र्यांत एकच विषाणू सापडला. अगदी नवा. अजून त्याला नावही नाही."

"मानसाले व्हतो का तो?"

"तेच अजून माहीत नाही. पण मी पिंजरे चार लावले होते. चौथा रिकामा कसा?"

"मीच सोडून देली तिले. गाभण व्हती."

"हातानं?"

"मंग काय पायानं?"

"चावली?"

"नखं लागली जराशी. हळद दाबली."

"महिना झाला याला. नंतर ताप, अंगदुखी?"

"काहीच नाही. झोप तेवढी येत नाही. पिल्लं चिकचिक करतात."

"कुठली पिल्लं?"

"तिचीच. केळीत मांजर फिरे, म्हणून तिले घरी आणून धान्याच्या कोठीमागं सोडली."

बोदवडची बस लागली. नाजमीनने पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली, पण ती उठली नाही.

"अक्का, मी आत्ताच येतो तुमच्या घरी."

"या ना भाऊ, च्या घ्या. पिंजरा तेवढा आणू नका."