बंदुकीची घरची दारू

कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या साली अमरावतीत एका वैद्याच्या ओसरीवर मी औषधासाठी बसलो होतो. शेजारी उजव्या हाताला फडकं गुंडाळलेला एक शेतकरी आणि त्याची बायको यांची जुंपली होती.

“बंदुकीची दारू कोनी घरी कुटते का?”

“मंग काय करू, तानू? दुकानदारानं भाव दुप्पट केला. म्हने, कापसाचा पैसा येऊन राहिला ना, द्या! लुटून राहिला मले. घरी सोरा, गंधक, कोळसा कुटला, त निम्म्यात पडली.”

“निम्म्यात? आन् दोन बोटं गेली, ते?”

“खलबत्ता लोखंडाचा होता, ठिनगी उडाली. लाकडाचा असता त...”

“म्हंजे पुन्हा कुटता?”

“रोह्यांचे कळप रोज कपाशीची पऱ्हाटी खाऊन राहिले. बार नाही काढला, त वावरात काडी उरत नाही.”

“मंग चाप कोन्या बोटानं दाबता? सांगा ना.”

“डाव्या हातानं शिकतो.”

“राहू द्या. मले शिकवा. मी जातो मचानावर. आन् दारू दुकानातूनच आनतो. त्या मेल्याशी मीच भांडतो.”

“बाईमानसाच्या हाती बंदूक? लोक हासतीन.”

“हासू द्या. माहे दहाही बोटं जाग्यावर हायेत.”