सूर्य बनवणारी प्रेमलता

—नाही नाही वामनराव, ते बॅनर गुंडाळलेलंच राहू द्या, इथं उघडू नका. पोरीले ताप आहे म्हटलं ना मी. रविवारचा सत्कार होत नाही आता. काय? आत्ता आंगणात कपडे वाळू घालून राहिली होती? मंग... उतरला असन जरासा. बसा. चहा घेता?

‘सूर्य बनवणारी नागपूरची कन्या’ — कोणं लिहायले सांगितलं हे? मीच! संत्रा मार्केटात, साऱ्या अडत्यांसमोर! प्रेमलता दिवाळीत सांगे, का बाबा, आम्ही मुंबईच्या प्रयोगशाळेत लेसरचा झोत अल्युमिनियमच्या पत्र्यावर, सुईच्या टोकाएवढ्या जागेवर मारतो, तिथलं अल्युमिनियम वितळत नाही, त्याचा एकदम प्लाझ्मा होते, सूर्यासारखा तापते. मी तेवढंच धरून बसलो. पुढचं कोण ऐकते? पुढचं असं, का तो प्लाझ्माच आडवा येते गा! दाट झाला का मागून येणाऱ्या उजेडाले आत शिरू देत नाही, आरशासारखा वापस फेकते. अन् वापस गेलेला उजेड त्याच लेसरमधी घुसते, तिथं आणखी जोर धरते, अन् आतली काचेची कांडी तडकवते. म्हणून पत्रा तिरपा ठेवा लागते, म्हणजे वापस आलेला उजेड बाजूले निघून जाते. हिनं मागच्या महिन्यात सरळ ठेवला — तडकली कांडी! परदेशातून आणलेली!

बरं, कोणाले कळलं नव्हतं. ही स्वतः जाऊन साहेबाले सांगते, चूक माझी आहे म्हणून! मी म्हटलं, काहून सांगितलं? काल जेवताना समजावलं, स्टेजवर शाल घे, नारळ घे, तोंड उघडू नको, लोकं सूर्य म्हणतात तर म्हणू दे. म्हणे, बाबा, मले जमणार नाही. मंग मी म्हटलं — काय म्हटलं मी — म्हटलं, तुले पोरगी म्हणायची लाज वाटते मले. भरल्या ताटावरून उठली ती. पण लाज तिची नाही ना वामनराव! मार्केटात तोंड कसं दाखवू, एवढंच होतं माझ्या डोक्यात. ताप-बीप काही नाही तिले.

हळू... मोरीतला नळ कव्हाचाच बंद झालेला दिसते. कव्हापासून उभी आहेस वं पोरी दारात?

काय? रविवारी येतेस? अन् कांडी फुटल्याचं सांगशील, साऱ्यांसमोर? ... अन् मी काल ताटावर जे बोललो, ते?

वामनराव, तुम्ही निघा आता, मले पोरीसंग बोलायचं आहे.