गणपतीचा बिल्ला

मायबाप हो, आज एकच विचारते. देवाला मध्ये ठेवून दिलेला शब्द शिळा कधी होतो? बोला! भिकूशेट खातूंनाही एका बाईनं हेच विचारलं होतं.

लढाईचा काळ. कोकणातल्या एका बाजारात सुटा पैसा औषधाला मिळेना. भिकूशेट किराण्याचे व्यापारी. त्यांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून बिल्ले केले. एक बिल्ला म्हणजे एक आणा. पण पत्र्यावर भरवसा कोण ठेवणार? शेटनी त्यावर गणपतीचा ठसा मारला. झालं! गाव निर्धास्त. शेटचा नसेना, गणपतीचा तरी भरवसा आहे ना!

पुढे सरकारी हुकूम आला, बिल्ले बंद. शेटनी दवंडी दिली, अमावास्येपर्यंत बिल्ले आणा, रोख न्या. आले तेवढे चुकते केले. आपण सचोटीचे, म्हणून समाधानानं झोपले.

प्रतिपदेला भागू गुरवीण आली. पत्रावळी लावून जगणारी एकटी बाई. शेटना पत्रावळी देऊन तांदूळ न्यायची, वरचा आणा बिल्ल्यात मिळायचा. आणि तो ती मोडतच नव्हती! गणपती बाजारात कसा द्यायचा? देव्हाऱ्यात ठेवून पुजायची. हसू नका बायांनो, आपणही तेच केलं असतं. आज पदरात वीस बिल्ले होते, हळदीकुंकवानं माखलेले. बारा कोसांवर लेक बाळंतपणात अडली होती. मोटारीला भाडं हवं, म्हणाली.

"आक्का, मुदत काल संपली," शेट म्हणाले.

"तुमची संपली, शेट." तिनं ठशावर बोट ठेवलं. "ह्याची कशी संपेल?"

शेटना राग नाही आला, लाज वाटली. ती लपवायला ते म्हणाले, आज तुला दिले तर उद्या सारं गाव दारात येईल. आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. तिनं बिल्ले कपाळाला लावले, घरी देव्हाऱ्यात ठेवले आणि पायीच निघाली.

दुपारी शेट भरल्या ताटावरून उठले. रोख घेऊन तिच्या दारी गेले, तर कडी. मागून मोटारीनं गाठता आलं असतं हो! पण म्हणाले, आली की देऊ.

ती पंधरवड्यानं आली. ती पोचायच्या आधीच लेक गेली होती. शेटनी तिच्या ओटीवर वीस आणे ठेवले, वर पाच रुपये. तिनं हात लावला नाही.

"आता कुठं जायचंय मला, शेट?"

आत देव्हाऱ्यात वीसही बिल्ले तसेच होते. वर ताजं कुंकू. तिनं गणपतीला टाकलं नव्हतं.

मंडळी, आपण तरी वेगळं काय करतो? सोयरीक जुळवताना, सून घरात घेताना देवाला साक्षीला बसवतो. मग मुदत मात्र आपली! घरी जाल तेव्हा आठवा, आपला बिल्ला कुणाच्या देव्हाऱ्यात आहे. तिथं तो अजून पुजला जातोय. त्या माणसाला अजून कुठंतरी जायचंय, तोवर जा आणि शब्द पुरा करा.