सतरा वर्षांनी आलेला अल्बम

टेक्सासमधल्या अर्विंगच्या इंडियन ग्रोसरीत सावनी बिलाच्या रांगेत उभी होती. पुढे एक पन्नाशीचे काका इअरफोन लावून डुलत होते आणि त्यांची मुलगी लाजेने अर्धी झाली होती.

"बाबा, प्लीज! सगळे बघतायत."

"बघू देत! ग्लास टर्बाइन बँडचा अल्बम आलाय, अनिका. सतरा वर्षांनी! सकाळपासून पाच वेळा ऐकला. हायवेवरची एक्झिट मिस केली, माहितीये?"

"दोनदा. मी कारमध्येच होते."

"शुक्रवारी आला, पण लावायचा धीरच होईना. वाटलं, म्हातारे झालेत, आता काय गाणार?"

"सो? कसा आहे?"

"आवाज फाटलाय गं त्या गायकाचा. वरचा सूर लागतच नाही. पण काय गायलाय, यार!"

"मग यशोधनकाकाला फोन कर ना. हॉस्टेलमध्ये तुम्ही दोघं हेच ऐकायचात ना?"

"कॅसेट झिजवली होती आम्ही. पण भांडून नऊ वर्षं झाली. आता काय बोलू?"

"अल्बमबद्दल बोल. दे इकडे, मी लावते. घे, स्पीकरवर आहे."

"हॅलो, यश्या... मी राजाराम..."

"चौथं गाणं ऐकलंस का, राजा?"

"ऐकलं! तो मधला गिटारचा तुकडा..."

"रडलास?"

"ढसाढसा. तू?"

"दोनदा! बायको डॉक्टरला फोन करणार होती."

काउंटरवरच्या बाईंनी हाक मारली. काकांनी डोळे पुसले, कार्ट बाजूला ओढली आणि हसत सावनीला म्हणाले,

"तू हो पुढे, बाळ. आम्हाला वेळ लागेल."