नावांचा अध्याय

नाही नाही, त्या खुर्चीवर नको — तिचा पाय हलतो. आमचे हे दुरुस्त करतो म्हणतात आणि दरवर्षी गवत कापायला निघून जातात — इकडे बसा, शेगडीपाशी. द्या तो ओला कोट. आणि घाई कसली? फ्राउके गोठ्यात आहे ह्यांच्याबरोबर, दूध काढून झालं की येतीलच दोघं. फ्राउके म्हणजे — हो, तुमची लेया. मला सवय नाही हो त्या नावाची. जर्मन गावात होते तोवर ते ज्यू नाव ओठांवर आणायचंच नाही असं ठरलेलं, आणि जर्मन वसंतात गेले तरी ओठ काही ऐकत नाहीत.

तुम्ही दारातच सांगितलंत — तिचे आईबाबा आता येणार नाहीत, तुम्ही एकटे काका उरलात, आणि तिला न्यायला आलात. ऐकलं मी. म्हणून तर बटाटे सोलायला घेतले, हाताला काहीतरी हवं. पण जरा विचार करा — आली तेव्हा चार वर्षांचीसुद्धा नव्हती. तिला काही आठवत नाही. काही म्हणजे काहीच नाही! ना ॲमस्टरडॅम, ना घर, ना — तुम्ही परकेच तिला. एकटा माणूस, वेण्या कोण घालणार तिच्या? निदान कालव्यावरचा बर्फ वितळेपर्यंत तरी राहू दे की.

नीट सांभाळलीच ना आम्ही? शेजारच्या इत्समाबाई विचारायच्या, "काय गं हिस्के, तुमच्या घरात सगळे वाळल्या गवताच्या रंगाचे, ही कोळशासारख्या केसांची कुठून आणलीस?" मी म्हणायची, रॉटरडॅमची भाची आहे, बॉम्बमध्ये घर गेलं, आणि तुमच्या नवऱ्याला तर कुठलाच रंग नाही, नुसतं टक्कल आहे. आमचे हे तेवढ्यात गोठ्यात पसार. खोटं बोलायचं नाही ना, देवाची आज्ञा! मग आज्ञा काय एकट्या ह्यांच्यासाठी, वीबेसाठी आहे? खोटं सगळं माझ्या वाट्याला. आणि डुकराचं मांस तिला वाढू द्यायचे नाहीत — देवाने तिच्या लोकांना मनाई केलीय म्हणे — आपल्या ताटातलं चीज उचलून तिला द्यायचे. बाप्तिस्माही करू दिला नाही. मी रडले, तर म्हणाले, "हिस्के, पोर सांभाळायला दिलीय. आपली करायला नाही."

असा माणूस. जेवण झालं की बायबल — रोज एक अध्याय, ओळीने, एकही गाळायचा नाही. नावांच्या याद्या लागल्या तरी! अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा आणखी कोणी — एकदा मला अशी डुलकी लागली, कपाळ थेट ताटात. आणि पोर तर आल्यापासून तोंडातून शब्द काढत नव्हती, आम्हाला वाटलं मुकीच आहे. तर एका दुपारी हे वाचतायत, आशेरचे मुलगे हे, आशेरचे नातू ते — आणि ती एकदम खुर्चीवर उभी राहिली. म्हणाली, "आशेर माझे बाबा." एवढंच. परत म्हणाली. ह्यांनी चष्मा काढून ठेवला. आणि जन्मात कधी मागचं पान न उलटणारा माणूस, दुसऱ्या दिवशी तोच अध्याय. तिसऱ्या दिवशी तोच. तिला हवा म्हणून! आता सगळा पाठ आहे तिला — हे मुद्दाम एखादं नाव गाळतात, की लगेच टेबलावर बोट आपटते. अशी दोनदा — हो, तशीच. तुम्ही आत्ता आपटताय ना, अगदी तशीच...

काय बघताय असे?

हो. म्हणाले खरी मी, तिला काही आठवत नाही. सवय हो. जर्मन गेले, आता मला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

थांबा — अंगणात लाकडी बूट वाजले. आलीच. अहो, डोळे पुसा आधी, तिच्यासमोर नको. उठा, तुम्हीच बाहेर जा आणि हाक मारा. लेया म्हणून. मोठ्याने मारा, आता साऱ्या गावाला ऐकू गेलं तरी चालतं. आणि तिने विचारलं तुम्ही कोण, तर सांगा, आशेरचा भाऊ. तेवढं पुरे आहे तिला. मी? मी कशाला? बटाटे राहिलेत माझे. जा ना हो. आणि दार ओढून घ्या जाताना — ऊब जाते सगळी.