घाटावरची गर्दी

साताऱ्यात कुरियरच्या रांगेत विनोदिनीबाईंचे डोळे मोबाईलवर होते, पण कान मात्र पुढच्या दोघी रहिमतपूरकर बायकांकडे लागले होते.

"आवं शालूकाकी, परत काकांची डिस्क आली व्हय?"

"काय सांगू बाई! मिलिट्रीतनं रिटायर झाल्यापासनं हेच. आदी कॅसेट, मग सीडी, आता म्हनं फोर-के. पिक्चर तेच जुनं, डबी तेवढी नवी. कपाटात माझ्या लुगड्यांना जागा न्हाई."

"मग वरडायचं की."

"वरडले की परवा. तर म्हनले, बस हितं. आन् वाईच्या घाटावर शूटिंग झालेला पिक्चर लावला. गर्दीत ह्ये उभं! कॅसेटीत नुसती टोपी दिसायची, आता मिसरूडबी दिसतंय."

"आगं बया!"

"सगळी गर्दी हिरोइनीकडं बघतीया, आन् ह्ये मागं वळून कळशीवाल्या एका पोरीकडं."

"कोन वो ती?"

"मीच की! मावशीकडं ऱ्हायला गेल्ते. लगीन त्याच्या फुडं दोन वर्सांनी. आन् मला जलमभर सांगितलं, मोठ्यांनी ठरवलं म्हनून व्हय म्हनलो."

"मग आज ही कुठली डिस्क?"

"त्याच पिक्चरची. त्यांची ते कुनाला हात लावू देत न्हाईत. ही माझी."