मिसरचा भुंगा

…नाही, नाही, मला कोणी ‘खेळात काय असतं’ असं सांगू नका. ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, ती घालताना ज्याने विठ्ठलाच्या पायांवर हात ठेवून ‘या जिभेवर असत्य येणार नाही’ असं सांगितलं आहे, आणि ज्याच्या हातात एके दिवशी घडी घातलेली चिठ्ठी पडते नि त्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरांत ‘चोर’ असं लिहिलेलं असतं… त्याला जाऊन विचारा खेळात काय असतं ते. आमच्या वामनबुवांना विचारा.

तुम्हाला सांगतो, वामनराव म्हणजे आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरातल्या भजनाचे बुवा. अमडापूरच्या अलीकडे आमचं गाव. दोन भावांचा बांधाचा तंटा असो, बैलाच्या सौद्यातली खोट असो, शेवटी माणसं म्हणत, “बुवाले इचारा, बुवा म्हनतीन थे खरं.” कागद नको, साक्षीदार नको. त्या माणसाने जन्मभर जोडलेली एवढीच एक इस्टेट, आपला शब्द. आणि ती अशी टांगणीला लागली, कोणामुळे म्हणाल? तर मिसर देशामुळे, म्हणजे त्या इजिप्तमुळे. आता मिसर कुठे आणि बुलढाणा जिल्हा कुठे…

त्याचं असं झालं. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं उलटली होती. आमच्या गावाला लागून पांढरी आहे, म्हणजे फार पूर्वी वसलेल्या आणि उठून गेलेल्या गावाची टेकडी. ती उकरायला एक सरकारी साहेब तंबू घेऊन आला. साहेब आधी मिसरच्या वाळूत खोदकाम करून आलेला, माणूस गोड, पण कामावरून हात धुतले की याची मिसरपुराणं सुरू. राजांची थडगी कशी, आत शिरणाऱ्याला चकवायला खोटी दारं कशी, मेलेल्या राजाच्या छातीवर सोन्याचा भुंगा कसा ठेवतात… त्यावर आमचा किसनराव, म्हणजे खोदणाऱ्या मजुरांचा मुकादम, आवाज असा की नांगरटीच्या बैलाने वळावं, तो म्हणाला, “भुंगा? मेल्या मानसाच्या छातीवर? आमच्या इकडं तं तोंडात तुळशीचं पान ठुतात साहेब, भुंगा बसला तं हाकलतात.”

तर एका बाजाराच्या दिवशी काम बंद. साहेब म्हणाला, “मिसरच्या तंबूत आम्ही एक खेळ खेळायचो, तो आज खेळू. थडग्यातून सोन्याचा भुंगा चोरीला गेला आहे. चोर खोदणाऱ्यांतच आहे. सूर्य मावळायच्या आत तपासनीसाने त्याला शोधायचं.” आणि त्याने भुंगा दाखवला. पांढरीच्याच मातीचा, नुसता उन्हात वाळवलेला, सोन्याचा दिसावा म्हणून वरून हळद फासलेली. पोटात एक चिंचोका घातलेला, म्हणजे हलवला की खुळखुळावा. तो एका पेटीत घालून पेटी खड्ड्यात ठेवली आणि पेटीभोवती चुलीतली राख पसरली, चोराची पावलं उमटावीत म्हणून.

बुवा तिथे कसे? अहो, झुंबरबाईंनी, म्हणजे बुवांच्या मंडळींनी, साहेबाला ताक पाठवलं होतं, ते द्यायला गेले होते. घर पांढरीच्या पायथ्याशीच. साहेब म्हणाला, बसा बुवा, एक गडी कमी पडतो. बुवा म्हणाले, “मला नाही जमायचं.” तर सगळे एका सुरात, “खेळ तं आहे बुवा, खेळात काय?” साहेबाने चिठ्ठ्या वाटण्याआधी प्रत्येकाकडून शब्द घेतला की आपली चिठ्ठी सूर्य मावळेपर्यंत कोणालाही सांगायची नाही, वाचून चुलीत टाकायची. बुवांनी शब्द दिला. मग चिठ्ठी उघडली. ‘चोर’.

आता तुम्हीच सांगा, या माणसाने करावं काय? दिलेला शब्द मोडून ‘मी चोर’ म्हणावं, की शब्द पाळून, विचारलं तर ‘मी नव्हे’ म्हणावं? पुढे विहीर, मागे आड, आणि वरून सगळं मंडळ दात काढून हसतंय, खेळात काय म्हणून.

तपासनीसाची चिठ्ठी आली किसनरावाला, आणि ती उघड. त्याने फेटा असा चेपून बसवला जणू आत्ताच फौजदारकी मिळाली. नियम असा की सगळ्यांनी तंबूत बसायचं आणि एकेकाने बाहेर जाऊन यायचं, म्हणजे चोरी कोणाच्या पाळीत झाली ते कळू नये. बुवांची पाळी आली. ते खड्ड्याशी गेले, काठावर वहाणा काढल्या… का म्हणजे? अहो, पांढरी ती, पूर्वजांची माती, तिच्या पोटात वहाणा घालून उतरणारा माणूस बुवा नव्हेत. चोरी करायची ती करायची, पण अनवाणी. भुंगा घेतला, कनवटीला लावला, वहाणा पायांत घातल्या आणि तडक घर. आणि ठेवला कुठे? ज्या जागी कोणी हात घालणार नाही अशी एकच जागा त्या घरात, देव्हारा. बाळकृष्णाच्या मागे ठेवला, दोन्ही कान धरले, म्हणाले, “देवा, संध्याकाळपर्यंत सांभाळ, तुझ्या घरी चोरीचा माल ठेवतोय,” आणि परत येऊन तंबूत बसले. छातीत मात्र मृदंग. झुंबरबाई तेव्हा मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या. हे लक्षात ठेवा.

किसनरावाने तपास सुरू केला. राखेत पाहतो तर अनवाणी पावलं. तो एकेकाला उठवतो, पाय पाहतो, दरडावून विचारतो, “तू घेतला काय बे भुंगा? मायाकडं पाह्यून सांग.” “नाई ना जी.” “तू?” “नाई.” आणि बुवांची पाळी जवळ येत चालली. सरळ विचारलं तर काय सांगणार? जिभेवर नाव विठ्ठलाचं, आणि त्याच जिभेने आता…

किसनराव पुढ्यात येऊन उभा राहिला. आणि विरघळला. “बुवा, तुमाले काय इचारावं? पाप लागंल मले. पन रीत म्हनून इचारतो, बाहीर गेल्ते तवा कुठी होते?”

“घरी. देवापाशी.”

खरंच आहे की नाही? अक्षर अन् अक्षर खरं.

“पाह्यलं? देवापाशी. आन कोनाले पाह्यलं काय खड्ड्याजवळ?”

“कोणालाही नाही.”

हेही खरं.

“तुमच्यापाशी तं नाई ना भुंगा?” किसनराव हसत हसत म्हणाला.

“माझी झडती घे,” बुवा म्हणाले.

आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी त्या सज्जन माणसाला स्वतःची अशी किळस आली की विचारू नका. एकही शब्द खोटा नाही, आणि तरी सगळं मिळून फसवणूक. खोटं बोलणारा निदान आपल्या खोट्याचा धनी असतो. यांनी सत्यालाच फडक्यात गुंडाळून चोरासारखं बगलेत मारलं होतं. संत उगीच सांगत नाहीत की बाहेरून गंगेत बुडी मारलेला माणूस आतून कोरडा असू शकतो. बुवा माळेचा मणी बोटांत धरून बसले, सूर्याकडे पाहत. मावळ रे बाबा लवकर… पण त्या दिवशी सूर्यालाही काही घाई नव्हती.

इथवर खेळ होता. पुढे ऐका.

किसनराव म्हणाला, “साहेब, वहाणवाले सारे सुटले. बिनवहाणेचा मानूस इथं एकच.” आणि बोट केलं निवृत्तीकडे. निवृत्ती म्हणजे त्या खड्ड्यांचा राखणदार, साहेबाने ठेवलेला, गरीब, पायांत वहाण नाही की तोंडात शब्द नाही. तो हसला, म्हणाला, “म्या नाई घेतला जी.” लोक हसले. किसनरावाला चेव आला, आणि तुम्ही जाणता, चेव आलेल्या माणसाच्या तोंडाला फाटक नसतं. तो म्हणाला, “नाई कसा? राऊळातली समई गेली तवा बी तूच झाडझूड करत होता, आन तवा बी ‘म्या नाई घेतली’ असंच म्हने.”

हसणं थांबलं. अहो, ती समई वर्षापूर्वी गेली होती, कोणी नेली ते पांडुरंगाला ठाऊक. गावात कुजबुज झाली होती, पण उघड्या तोंडाने कोणी म्हटलं नव्हतं. ते आज म्हटलं गेलं, खेळात.

साहेबाचा चेहरा बदलला. “कोणती समई?”

निवृत्ती उभा होता तिथेच खाली बसला.

“किसनराव,” साहेब हळूच म्हणाला, “माझ्या खड्ड्यांत रोज वस्तू निघतात. राखणीला उद्यापासून दुसरा माणूस पाहावा लागेल का?”

किसनराव चाचरला, “नाई म्हंजे, साहेब, हे तं खेळात…”

सूर्य टेकडीला टेकला होता. अजून मावळला नव्हता. बुवा उठले. शब्द दिला होता ना, मावळेपर्यंतचा? जन्मात पहिल्यांदा मोडला.

“साहेब, चोर मी आहे. भुंगा मी घेतला.”

तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल? किसनराव पुढे आला आणि त्याने बुवांचे पाय धरले. “पाह्यलं साहेब? याले म्हनतात संत. दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्शावर घेऊन राह्यले.” बाकीचे पायांवर डोकं ठेवायला रांगेत. बुवा ओरडून सांगतात, “अरे बाबांनो, मी खरं सांगतोय.” तर मागून मजुरांतली एक म्हातारी डोळे पुसत म्हणते, “देवमानूस माय, देवमानूस.” आणि कळस म्हणजे निवृत्ती. तो हात जोडून म्हणाला, “बुवा, मायासाठी खोटं नोका बोलू. मायापायी तुमची माळ बाटंल.”

घ्या. जन्मभर जे बोलले ते लोकांनी खरं मानलं, आणि आज खरं बोलले तर ते जन्मातलं पहिलं खोटं ठरलं.

चिठ्ठी चुलीत जळालेली. आता पुरावा एकच. “चला माझ्या घरी,” बुवा म्हणाले, “चोरीचा माल दाखवतो.” निघाली सगळी वरात, पुढे बुवा, मागे साहेब, किसनराव, आणि सगळ्यांच्या मागे मान खाली घालून निवृत्ती.

घरी पोचले तर झुंबरबाईंची सांजपूजा नुकतीच आटोपलेली, त्या घरी देव सांजेलाही न्हातात. दारात एवढी माणसं पाहून त्या म्हणाल्या, “या जी, पन आंधी तीर्थ घ्या. दिवे लागले, बिनतीर्थाचं कोनी आत येऊ नोका.” रीतच ती त्या घरची. साहेबाने ओंजळ केली, घेतलं. किसनरावाने दोनदा घेतलं, डोळ्यांना लावलं, उरलेलं डोक्याला पुसलं. निवृत्तीने घेतलं. सगळ्यांनी घेतलं.

बुवा धावत देव्हाऱ्याशी. बाळकृष्णाच्या मागे हात घालतात तर… मोकळं.

“अहो,” बुवांनी विचारलं, “इथं मागे काही होतं?”

“होता ना. पिवळा, मातीचा,” झुंबरबाई म्हणाल्या. “मले वाटलं तुमी कोन्ता नवा देव आनला. सांगत तं काईच नाई तुमी. मंग त्याले काऊन पारोसा ठेवू? सारे देव न्हाले तं त्याले बी न्हाऊ घातलं. दूध घातलं, दही घातलं, मध घातलं… तवा बसला होता. वरून पानी घातलं आन इरघळला पोरगा.”

“विरघळला? मग त्याचं…”

“मंग काय, तीर्थातच आला ना थो. देवाचं फेकतात काय कुठी?”

साहेबाने हळूच आपल्या तळहाताकडे पाहिलं. पिवळा होता. किसनराव म्हणाला, “म्हंजे म्या बी पेलो काय त्याले? दोनदा?”

“आन हे पाहा, त्याच्या पोटातून निंघालं,” म्हणून झुंबरबाईंनी ताम्हणातून चिंचोका उचलून पुढे धरला. “मले वाटलं प्रसाद असंल.”

साहेबाने चिंचोका घेतला, दिव्याशी नेऊन पाहिला, आणि मग वळला तो सरळ निवृत्तीकडे. “निवृत्तीबुवा, उद्या सकाळी वेळेवर या. खड्डे तुमच्याच राखणीत राहतील.” आणि किसनरावाने, हा न्याय त्याला द्यायलाच हवा, फेटा काढला, निवृत्तीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, “चुकलो बाप्पा. समईचं मले काईच माईत नाई, उगीच तोंड चाललं मायं.” निवृत्ती नुसता “हाव” म्हणाला. तेवढं त्या रात्री त्याला झोपायला पुरलं असावं.

आणि बुवा? त्यांना वाटलं, चला, आता तरी आपण चोर ठरलो. कुठलं हो. पहिली भाकर भाजायच्या आत गावात निराळीच कथा पसरली, की निवृत्तीला वाचवायला बुवांनी देवाला साकडं घातलं आणि देवाने आपल्या देव्हाऱ्यात चिंचोका प्रकट केला. पुढे किती तरी दिवस बुवा पारावर बसून सांगत, “अरे, मी चोरला होता तो भुंगा,” आणि लोक पाया पडत. बांधाचा तंटा घेऊन आजही त्यांच्याकडेच येतात. बुवांनी आता सांगणंच सोडलं.

एक बदल तेवढा झाला. सांजेला झुंबरबाई पळी पुढे करतात, तेव्हा माणसं ओंजळ करण्याआधी जरा थांबतात, देव्हाऱ्याकडे वाकून पाहतात आणि हळूच विचारतात, “काकू, आज सारे देव आपलेच न्हाले ना?”